कमी दिवसांच्या बाळाला झिंक: आधी हिशेब, मग थेंब

दीड किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ एनआयसीयूतून, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागातून, घरी जातं, तेव्हा तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. पोषण वाढवण्यासाठी आईच्या दुधात मिसळायची फोर्टिफायरची पाकिटं बहुतेक वेळा त्याच दिवशी बंद होतात. जन्मानंतरचे पाच-सहा आठवडे उलटल्यामुळे आईच्या दुधातलं झिंक उतरणीला लागलेलं असतं. आणि बाळ नेमकं तेव्हाच सर्वांत झपाट्याने वाढू लागतं. डिस्चार्ज कार्डावर लोह असतं, व्हिटॅमिन डी असतं, मल्टिव्हिटॅमिन असतं, झिंकची ओळ मात्र अनेकदा कोरीच राहते. मग दोन ते चार महिन्यांच्या वयात तोंडाभोवती आणि शीच्या जागी लाल चट्टे येतात, त्यांना बुरशी समजून आठवडे जातात, आणि वजन का वाढत नाही ते कुणाला कळत नाही.

हा लेख एनआयसीयू आणि एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विशेष विभागात) काम करणाऱ्या डॉक्टर-नर्सेससाठी आहे, आणि अशा बाळाच्या आईवडिलांसाठीही. मात्रा ठरवायची बाळाच्या डॉक्टरांनीच. पण ती कशी ठरते आणि कुठे चुकते हे घरच्यांना ठाऊक असलं, तर अर्ध्या चुका घरातच पकडल्या जातात.

बाळ रिकाम्या हाताने का येतं

गर्भाच्या अंगातल्या एकूण झिंकपैकी साधारण 60 टक्के शेवटच्या तीन महिन्यांत साठतं. 28 आठवड्यांना जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला तो काळ येतच नाही. झिंक म्हणजे आपलं जस्तच. पेशींचं विभाजन, प्रथिनं बनणं, आतड्याचं अस्तर, त्वचा, प्रतिकारशक्ती या सगळ्यांत ते लागतं, आणि शरीरात त्याचं खास असं कोठार नसतं. लोह फेरिटिनच्या रूपात साठतं, तसं झिंक साठवून पुढे वापरता येत नाही. जेवढं रोज मिळतं तेवढ्यावरच वाढ चालते.

आईचं दूध या बाळासाठी सर्वोत्तम आहे, आणि त्यातलं झिंक चांगलं शोषलंही जातं. पण त्याचं प्रमाण आठवड्यागणिक घटतं. पहिल्या आठवड्यात लिटरमागे सुमारे 5 मिग्रॅ, महिनाभराने सुमारे 3, तीन महिन्यांनी एक-दीडच्या आसपास, सहा महिन्यांनी एकाहूनही कमी. पूर्ण दिवसांच्या बाळाला एवढं पुरतं, कारण ते साठा घेऊन आलेलं असतं.

एक गोष्ट आईला स्पष्ट सांगायला हवी. दुधातलं झिंक स्तनातल्या पेशी ठरवतात. चारीठाव जेवणाऱ्या आईने झिंकच्या गोळ्या घेतल्या, तरी दुधात फारसा फरक पडत नाही. ‘तू नीट जेवत नाहीस म्हणून बाळ वाढत नाही’ हे वाक्य या बाबतीत खोटं आहे, आणि बाळंतिणीच्या मनाला लागणारं आहे.

मिल्क बँकेच्या दुधाचा वेगळा विचार करावा लागतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात 1989 साली आशियातली पहिली मिल्क बँक सुरू झाली आणि त्या वाटेने अनेक बाळांचे प्राण वाचले. पण दान करणाऱ्या आया बहुधा पूर्ण दिवसांच्या बाळांच्या असतात आणि बाळंतपणाला काही आठवडे किंवा महिने झालेले असतात. त्यामुळे या दुधात प्रथिनं कमी आणि झिंकही कमी. बाळ मुख्यतः दात्या आईच्या दुधावर असेल, तर हिशेबात लिटरमागे 3 ऐवजी 1 ते 2 मिग्रॅ धरा.

पायरी 1: कोणाला द्यायचं

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अकाली आणि कमी वजनाच्या बाळांसाठी शिफारशी काढल्या. आईच्या किंवा दात्या आईच्या दुधावर असलेल्या आणि दुसऱ्या कुठल्याही मार्गाने झिंक न मिळणाऱ्या बाळाला तोंडाने झिंक देण्याचा विचार करावा, असं त्यांत म्हटलं आहे. ही शिफारस सशर्त आहे, सर्वांना सरसकट द्या असा तिचा अर्थ नाही. ‘दुसऱ्या मार्गाने न मिळणाऱ्या’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. फोर्टिफायर, प्रीटर्म फॉर्म्युला (अकाली बाळांसाठीची दूधपावडर), मल्टिव्हिटॅमिनचे थेंब हे सगळे दुसरे मार्गच आहेत.

पुराव्याबद्दलही सरळ बोलू. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या 2021 च्या आढाव्यात पाच चाचण्या आणि 482 बाळं होती. झिंक दिलेल्या बाळांत मृत्यूचं प्रमाण काहीसं कमी दिसलं, वजन आणि लांबी थोड्या काळापुरती चांगली वाढली. फुप्फुसाचा दीर्घ आजार, डोळ्याच्या पडद्याचा आजार अशा नेहमीच्या गुंतागुंतींवर ठळक परिणाम दिसला नाही. म्हणजे ज्या बाळाला कमी पडतंय त्याला देणं शहाणपणाचं आहे, आणि ज्याला पुरतंय त्याला ‘टॉनिक’ म्हणून देण्यात अर्थ नाही.

फोर्टिफायरविना आईच्या दुधावर असलेलं 1500 ग्रॅमखालचं किंवा 32 आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ यादीत पहिलं. त्यानंतर आतड्याची शस्त्रक्रिया होऊन पोटावर स्टोमा (शी बाहेर येण्यासाठी केलेलं छिद्र) असलेलं, सतत पातळ शी होणारं, दीर्घकाळ लघवी वाढवणाऱ्या औषधांवर असलेलं, आणि फुप्फुसाच्या आजारामुळे वाढ खुंटलेलं बाळ. या चौघांना नेहमीच्या मात्रेपेक्षा जास्तही लागू शकतं.

पायरी 2: हिशेब मांडणं

इथे घाई करू नका, सगळं मर्म इथेच आहे.

युरोपातील बालपोषणतज्ज्ञांच्या ‘एस्पघान’ या संस्थेने 2022 मध्ये स्थिर, वाढीला लागलेल्या अकाली बाळासाठी दिवसाला दर किलोमागे 2 ते 3 मिग्रॅ झिंक सुचवलं. 2010 मध्ये हाच आकडा 1.1 ते 2 होता. लक्षात ठेवा, हा एकूण आकडा आहे. दूध, पाकिटं, थेंब सगळं मिळून एवढं. तो सरळ औषधाची मात्रा म्हणून लिहिणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.

उदाहरण घेऊ. बाळ चार आठवड्यांचं, वजन 1.2 किलो, आईचं दूध 180 मिली प्रति किलो, म्हणजे दिवसाला 216 मिली. लिटरमागे 3 मिग्रॅ धरलं तर दुधातून 0.65 मिग्रॅ मिळतं, किलोमागे 0.54. किमान गरज किलोमागे 2, म्हणजे 2.4 मिग्रॅ. तूट 1.75 मिग्रॅ.

आता याच बाळाला फोर्टिफायर चालू आहे, 25 मिली दुधाला एक पाकीट, आणि समजा पाकिटावर 0.2 मिग्रॅ झिंक लिहिलंय. दिवसाला साडेआठच्या वर पाकिटं लागतात, म्हणजे सुमारे 1.7 मिग्रॅ. तूट जवळपास भरली, वेगळे थेंब नकोत. पाकिटावरचा आकडा मात्र प्रत्येक कंपनीचा निराळा असतो आणि काहींत तो फारच कमी असतो. पाकीट हातात घेऊन वाचा. गेल्या वर्षीच्या आठवणीवर हिशेब करू नका. आणि मागवलेली पाकिटं खरोखर रोज वापरली जातात का, तेही पाहा. महाग म्हणून एक पाकीट 50 मिलीला पुरवलं जात असेल, तर झिंक अर्धं होतं.

मल्टिव्हिटॅमिनच्या बऱ्याच थेंबांत झिंक असतं. झिंकची वेगळी बाटली लिहिण्याआधी ते लेबल पाहिलं नाही, तर दुहेरी मात्रा जाते.

पायरी 3: बाटली वाचणं

झिंक कधीच एकटं मिळत नाही, ते क्षाराच्या रूपात येतं. मात्रा मोजायची ती निव्वळ झिंकची, लेबलवर त्याला ‘एलिमेंटल झिंक’ म्हणतात. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये निव्वळ झिंक सुमारे 23 टक्के, सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये 36, अ‍ॅसिटेटमध्ये 30 आणि ग्लुकोनेटमध्ये 14 टक्के. म्हणजे 20 मिग्रॅ झिंकसाठी 88 मिग्रॅ हेप्टाहायड्रेट लागतं, पण मोनोहायड्रेट 55 मिग्रॅच पुरतं. क्षाराचं वजन झिंकचं समजून मात्रा काढली, तर बाळाला गरजेच्या पाव हिश्श्याएवढंच औषध मिळू शकतं. ‘...एवढ्या एलिमेंटल झिंकइतके’ असं ज्या ओळीत लिहिलं असेल तीच ओळ खरी.

दुसरा सापळा सिरप आणि ड्रॉप्सचा. जुलाबासाठी सर्वत्र मिळणाऱ्या सिरपमध्ये 5 मिलीत 20 मिग्रॅ असतात, म्हणजे 1 मिलीत 4 मिग्रॅ. वरच्या बाळाची 1.75 मिग्रॅची तूट म्हणजे 0.44 मिली. बाटली ड्रॉप्सची असेल आणि 1 मिलीत 20 मिग्रॅ असतील, तर तीच मात्रा 0.09 मिली. एवढं घरी अचूक मोजणं कुणालाच शक्य नाही. म्हणून चिमुकल्या बाळासाठी सौम्य द्रावण निवडा. चिठ्ठीवर तिन्ही गोष्टी लिहा: किती मिग्रॅ, किती मिली, आणि बाटलीत 1 मिलीला किती मिग्रॅ. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, तरी घोटाळा लगेच दिसतो.

सिरपसोबत आलेला 5 मिलीचा चमचा त्याच दुकानात ठेवून या, असं घरच्यांना सांगावं. त्या एका चमच्यात 20 मिग्रॅ मावतात. 1.2 किलोच्या बाळाला ते किलोमागे 16 मिग्रॅहून जास्त होतं.

पायरी 4: मोजून देणं

1 मिलीची तोंडाने औषध द्यायची सिरिंज वापरा, 0.01 मिलीच्या खुणांची. इन्सुलिनची सिरिंज नको. तिच्यावर मिली नसतात, युनिट असतात, आणि 40 युनिटच्या सिरिंजवर ‘10’ म्हणजे पाव मिली. घाईत हा फरक निसटतो. शिरेत द्यायच्या सिरिंजमध्ये तोंडाचं औषध भरून ठेवणं तर कधीच नको. वॉर्डात ती चुकीच्या नळीला लागू शकते.

सुरुवात साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, दूध 100 ते 120 मिली प्रति किलोपर्यंत पोचून पचू लागल्यावर. पोट फुगलंय, हिरवी उलटी आहे, दूध बंद केलंय, अशा वेळी तोंडाचं झिंकही थांबवा.

मात्रा थेट जिभेवर न देता दुधात मिसळून द्या. झिंक सल्फेट पोटाला झोंबतं आणि चव धातूसारखी असते, म्हणून उपाशीपोटी दिलं की उलटी होते. सिरपमधल्या साखरेमुळे आणि सॉर्बिटॉलमुळे दुधाची तीव्रता वाढते. नळीने पाजताना पूर्ण मात्रा 10-15 मिलीच्या एकाच फीडमध्ये ओतण्यापेक्षा दोन फीडमध्ये विभागा आणि नंतर थोड्या दुधाने नळी धुवा.

लोह साधारण दोन आठवड्यांच्या वयापासून किलोमागे 2 ते 4 मिग्रॅ चालू असतं. लोह आणि झिंक आतड्यात एकमेकांना अडवतात, विशेषतः दोन्ही एकत्र औषध म्हणून दिल्यावर. कॅल्शियमचंही तसंच. सकाळी झिंक, संध्याकाळी लोह असं ठरवून टाका. एकाच सिरिंजमध्ये सगळी औषधं मिसळायची सवय वॉर्डात फार असते, ती मोडावी.

उलटी झाली तर? पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं दूध बाहेर आलं असेल, तरी घरी पुन्हा मात्रा देऊ नका, उद्याची नेहमीची द्या. एका दिवसाने काही बिघडत नाही.

शिरेतून पोषण चालू असताना

अकाली बाळाला शिरेतून दिवसाला किलोमागे 400 ते 500 मायक्रोग्रॅम झिंक लागतं, तोंडाने लागतं त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढं, कारण इथे शोषणाचा प्रश्नच नाही. अनेक सूक्ष्मद्रव्यं एकत्र असलेल्या एम्प्युलमधून ही मात्रा सहसा पूर्ण होत नाही. ती पूर्ण करण्यासाठी एम्प्युलची मात्रा वाढवली, की सोबत मँगनीज आणि तांबंही वाढतं. पित्त साचून कावीळ झालेल्या बाळात ही दोन्ही पित्तावाटे बाहेर पडत नाहीत आणि अंगात साठतात. म्हणून उरलेली तूट निव्वळ झिंकच्या इंजेक्शनने भरा.

एककाचा घोळ इथे जिवावर बेततो. 2006 मध्ये अमेरिकेत लास व्हेगसमध्ये एका अकाली बाळाच्या पोषणद्रावणात झिंक मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅममध्ये नोंदलं गेलं. हजारपट झिंक गेलं आणि बाळ दगावलं. एकक नेहमी पूर्ण लिहा, ‘मायक्रोग्रॅम’, लघुरूप नको. आणि भरण्याआधी दुसऱ्या माणसाने गणित नव्याने करावं. फक्त सही करणं म्हणजे तपासणं नव्हे.

स्टोमा असलेल्या बाळाचा तोटा वेगळा मोजायला लागतो. आतड्यातून जाणाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण 12 ते 17 मिग्रॅ झिंक जातं. दीड किलोच्या बाळाच्या स्टोमातून दिवसाला 45 मिली येत असेल, तर जवळपास पाऊण मिग्रॅ, किलोमागे अर्धा मिग्रॅ रोज वाया जातं. तेवढं वाढवून द्या.

कमतरता ओळखायची कशी

पहिली खूण दिसायला साधी असते: कॅलरी आणि प्रथिनं पुरेशी असूनही वजन रेंगाळतं आणि त्याहून जास्त लांबी रेंगाळते. दोन किलोपर्यंत दिवसाला किलोमागे 15 ते 20 ग्रॅम वजन आणि आठवड्याला सुमारे 1 सेंटीमीटर लांबी अपेक्षित असते. पण झिंकवर बोट ठेवण्याआधी दूध खरंच किती जातंय, प्रथिनं किलोमागे साडेतीन-चार ग्रॅम आहेत का, रक्त कमी आहे का, सोडियम घसरलंय का, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा थायरॉइडची अडचण आहे का, हे पाहा. प्रथिनं कमी असताना नुसत्या झिंकने बाळ वाढत नाही.

ठळक कमतरतेत तोंडाभोवती, शीच्या जागेभोवती, मानेच्या घड्यांत, हातापायांच्या बोटांवर लालभडक, कडा स्पष्ट असलेले, पापुद्रे सुटणारे चट्टे येतात. वरचा ओठ बहुधा वाचतो, त्यामुळे तोंडाभोवती घोड्याच्या नालासारखा आकार दिसतो. केस विरळ होतात, शी पातळ होते, बाळ सतत किरकिरतं. दुपट्याच्या पुरळावर दोन आठवडे बुरशीचं मलम लावूनही उपयोग नसेल आणि तसेच चट्टे तोंडाभोवतीही असतील, तर झिंकचा विचार त्याच दिवशी करा.

रक्ततपासणी फसवी असते. रक्तातलं झिंक 100 मिलीत साधारण 70 मायक्रोग्रॅमच्या वर असावं, पण जंतुसंसर्गात ते आपोआप खाली येतं, म्हणून सोबत सीआरपी (जंतुसंसर्गात वाढणारं रक्तातलं प्रथिन) पाहावं. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, की आकडा खोटा वाढतो, कारण लाल पेशींत झिंक भरपूर असतं. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही झिंक उतरतं, म्हणून सूक्ष्मद्रव्यांसाठीची गडद निळ्या टोपीची ट्यूब घ्या आणि प्लाझ्मा लवकर वेगळा करा. पुरळावर लावायच्या पांढऱ्या मलमात झिंक ऑक्साइड असतं. ते नर्सच्या हाताला किंवा बाळाच्या टाचेला लागलेलं असेल, तर तपासणी वायाच गेली. अल्कलाइन फॉस्फटेज कमी असणं ही मदतीची खूण आहे, कारण त्या एन्झाइमला झिंक लागतं. मात्र हाडं ठिसूळ झालेल्या अकाली बाळात तेच वाढलेलं असतं, म्हणून ‘नॉर्मल’ आकड्यावर विसंबू नका. 1 किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम 80-90 मिली रक्त असतं, त्यामुळे लक्षण नसताना दर महिन्याला ही तपासणी करू नये.

उपचार हीच खरी परीक्षा. किलोमागे 1 ते 3 मिग्रॅ सुरू केल्यावर किरकिर दोन-तीन दिवसांत थांबते, चट्टे एक-दोन आठवड्यांत वाळतात. सुधारणा नाहीच, तर बायोटिनची किंवा आवश्यक मेदाम्लांची कमतरता, सिस्टिक फायब्रोसिस, चयापचयाचे आजार यांचा शोध घ्यायला हवा.

जास्त झालं तर

दीर्घकाळ जास्त झिंक दिलं, की तांब्याचं शोषण अडतं. मग लोह देऊनही न हटणारा पंडुरोग, पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल कमी होणं, हाडांत बदल अशी लक्षणं येतात. अकाली बाळात हे सगळं इतर कारणांनीही होतं, म्हणून तांबं सहज विसरलं जातं. एकूण 3 मिग्रॅ प्रति किलोच्या वर काही आठवडे जाणार असेल, तर हिमोग्लोबिन, न्यूट्रोफिल आणि तांबं तपासा.

घरी असताना जुलाब झाले की गोंधळ होतो. सरकारी कार्यक्रमात दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला जुलाबात रोज 10 मिग्रॅ झिंक 14 दिवस देतात. त्या दिवसांत नेहमीचे झिंकचे थेंब थांबवावेत, दोन्ही एकत्र नकोत. आशाताई घरी येतील तेव्हा चालू असलेल्या सगळ्या बाटल्या त्यांच्यासमोर ठेवा, म्हणजे त्यांनाही हिशेब कळेल.

मात्रा कधी बदलायची, कधी थांबवायची

एनआयसीयूत दर आठवड्याला, घरी गेल्यावर प्रत्येक भेटीला वजनानुसार मात्रा नव्याने काढा. सर्वांत मोठा हिशेब डिस्चार्जच्या दिवशीचा: फोर्टिफायर बंद होणार असेल, तर त्यातून मिळणारं झिंक त्याच दिवशी थेंबांनी भरून काढायचं. घरी वरून साधारण 1 ते 2 मिग्रॅ प्रति किलो दिलं जातं, आणि ते पूरक आहार नीट बसेपर्यंत, साधारण सहा महिन्यांपर्यंत.

पूरक आहारात झिंकसाठी सर्वांत उपयोगी म्हणजे मऊ शिजवलेली कलेजी, बारीक खिमा आणि अंड्याचा बलक. शाकाहारी घरात मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व, मोडाच्या मुगाचं वरण, चिमूटभर तिळाची पूड. मोड आणण्याला इथे खरंच कारण आहे: धान्यातलं फायटेट झिंकला धरून ठेवतं आणि मोड येताना किंवा पीठ आंबताना ते कमी होतं. नुसत्या तांदळाच्या पेजेवर आणि साखरपाण्यावर राहिलेल्या बाळाचे थेंब मात्र घाईने काढू नका.

बंद करताना मात्रा हळूहळू उतरवायची गरज नसते. पण पुढचे महिनाभर त्वचेकडे लक्ष ठेवा. चट्टे परत आले, तर दोन शक्यता उरतात. बाळ अजून आईच्या दुधावर असतानाच त्रास झाला असेल आणि दूध सुटल्यावर कायमचा गेला असेल, तर आईच्या पेशींत झिंक दुधात सोडणाऱ्या जनुकाचा दोष असू शकतो. त्यात आईला गोळ्या देऊन उपयोग नसतो, बाळालाच झिंक द्यावं लागतं, आणि पुढच्या बाळंतपणात पहिल्या महिन्यापासून सावध राहावं लागतं. उलट दूध सुटल्यावर त्रास वाढत गेला, थेंब बंद करताच दर वेळी उलटला, तर आतड्यातून झिंक शोषण्याचाच जन्मजात दोष असण्याची शक्यता आहे. अशा बाळाला किलोमागे 3 मिग्रॅ झिंक आयुष्यभर लागतं, आणि ते मिळालं तर ते इतर मुलांसारखंच वाढतं.